जाऊन-येऊन घारापुरी

घारापुरी हे बेट मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून दहा-अकरा किलोमीटरवर आहे आणि लाँचने तिथे पोचायला साधारण तास लागतो. सरकारदरबारी ते मुंबईत नाही, रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे. बेटावर सहाव्या शतकात कोरलेली शैव लेणी आहेत. १९८७ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आणि सोमवारी ती बंद असतात. नियोजनाच्या दृष्टीने यातल्या शेवटच्या वाक्यालाच काय तो अर्थ आहे. सोमवार हा शंकराचा वार, लेणी शंकराची, पण साप्ताहिक सुट्टी पुरातत्त्व खात्याची. आणि देव व खाते यांच्या वेळापत्रकात विरोध आला तर खात्याचे प्रमाण मानतात. श्रावणी सोमवारी घारापुरी, असा भक्तिभावाने बेत आखणाऱ्याला खाते आणि खवळलेला समुद्र असे दोन्ही एकाच दिवशी आडवे येतात.

ही सहल जाऊन-येऊनच करावी लागते, कारण पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. सकाळी नवाच्या सुमारास पहिली लाँच सुटते, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास परतीची शेवटची. मधले साडेआठ तास हा नियोजकाचा कच्चा माल. त्यातून जाण्यायेण्याचे दोन तास वजा करावेत. लाँच भरल्याशिवाय हलत नाही, तो वेळ वजा. जेवण वजा, जेवणानंतरचे लवंडणे वजा, स्वच्छतागृहापुढच्या रांगा वजा, सगळ्यांचा मिळून एक फोटो निघेपर्यंत हरवणाऱ्या एका मुलाचा शोध वजा. शिवाय शेवटची लाँच चुकेल या धास्तीने तासभर आधीच उठण्याचा कुळाचार आहे, तोही वजा. या हिशेबाअंती लेण्यांच्या वाट्याला जो वेळ उरतो तो कोरणाऱ्यांना आधी कळता, तर त्यांनी काम अर्ध्यावर सोडले असते. बेटावरची काही लेणी खरोखरच अर्धवट राहिली आहेत, पण त्याची कारणे वेगळी असावीत.

किती जण येणार हा प्रश्न आदल्या रात्रीपर्यंत सुटत नाही. नियोजक घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख टाकतो आणि घटकाभरात त्यावर अंगठे उमटू लागतात. अंगठा म्हणजे होकार नव्हे. वाचल्याची पोच, एवढाच त्याचा अर्थ. मग उत्तरे येतात. आत्या ‘कळवते’ म्हणते. मामी ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणते आणि विचारत नाही. ‘तुम्ही ठरवा, आम्ही आहोतच’ असे धाकटे काका लिहितात. हे वाक्य लिहिणारा माणूस आजवर कोणत्याही सहलीला आल्याची नोंद नाही. याखेरीज प्रत्येक घरात एक जण असा असतो, ज्याने घारापुरी शाळेच्या सहलीत पाहिलेली असते. त्याला आपोआप जाणकाराचा दर्जा मिळतो. त्याच्या माहितीचा सारांश एका वाक्यात देता येतो: तिथे माकडे आहेत.

महिना निवडताना निसर्ग आणि शाळा यांचे पटत नाही. पावसाळ्यात लाँच हवामान पाहून सोडतात, म्हणजे बऱ्याचदा सोडत नाहीत. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते म्हणून बहुतेक बेत मे महिन्याचे होतात, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या समुद्रावरची हवा अशी असते की नुसते उभे राहिले तरी सदरा पाठीला चिकटतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. वारा गार, समुद्र शांत, ऊन सुसह्य. त्या काळात लग्नसराई असते, सहामाही संपून वार्षिक परीक्षेची कुणकुण लागलेली असते, आणि कोणालाच सवड नसते. राहता राहिला वार. तो रविवार, आणि रविवार म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक. ब्लॉक बहुधा सकाळ बरीच वर आल्यावर सुरू होतो, त्यामुळे डोंबिवलीहून सातची लोकल पकडणाऱ्याला तो नडत नाही. पण सातची लोकल ठरवून सातचीच पकडणारे कुटुंब अद्याप आढळलेले नाही.

भरती-ओहोटीचा विचार मात्र सहसा कोणी करत नाही. वास्तविक तो सगळ्यांत सोपा, कारण त्याला इंटरनेटही लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येणारी संख्या म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. ही कोकणपट्टीतली जुनी रीत आहे आणि मुंबईच्या पाण्याला ती कामापुरती बरोबर लागू पडते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती, त्याआधी सहा तास, म्हणजे सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. पहिल्या लाँचला नेमके पाणी खाली गेलेले, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडलेल्या आणि त्यांवर शेवाळ. एकादशीला सव्वाआठला भरती. नऊच्या लाँचला पाणी अजून वर असते, चढणे सोपे. चढण्याच्या या सोयीपायी एकादशी निवडावी तर घरातल्या निम्म्या मंडळींचा उपास, आणि साबुदाण्याची खिचडी चार तासांनी डब्यातून एकसंध निघते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीला भांगाची भरती, चढ-उतार बेताचा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी अष्टमी. हा सल्ला आजी देते. तिचे कोणी ऐकत नाही, कारण ती सहलीला येणार नसते.

अन्न हा नियोजनाचा गाभा होय. ‘तिकडे बेटावर काय मिळतंय न काय नाही’ या तत्त्वावर एका दिवसाच्या सहलीला तीन दिवसांचा शिधा जातो. बेटावर पायथ्यापासून लेण्यांपर्यंत खाण्याची दुकाने आहेत, थाळी मिळते, भजी मिळतात, तिखट-मीठ लावलेली कैरी आणि ताक मिळते. ही माहिती नियोजकाला असते, पण ती बैठकीत मांडायची नसते. तिथे विषयांची वाटणी होते. पुऱ्या आत्याकडे, बटाट्याची सुकी भाजी मामीकडे, चटण्या काकूकडे, गोडाचे मोठ्या वहिनीकडे. प्रत्यक्षात डबे उघडतात तेव्हा बटाट्याची भाजी चारही घरांतून आलेली असते. ‘म्हटलं, उगाच कमी पडायला नको.’ यात कोणाची चूक नाही. बटाट्याच्या भाजीवर आपल्या समाजाचा जो विश्वास आहे त्याला ते धरूनच आहे. दहीभात उन्हात आंबतो, म्हणून तो नेऊ नये असे ठरते आणि एका छोट्या डब्यात तो नेला जातो. दशम्या, धपाटे, चिवडा, शंकरपाळे हे जेवणात धरले जात नाहीत, ते ‘मधल्यामध्ये’. हे सगळे पाण्याच्या बाटल्यांसह ज्या पिशवीत भरतात तिचे वजन पिशवी भरणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण ती उचलायला तरणा भाचा नेमलेला असतो. पुढे बेटावर एकशेवीस पायऱ्या आहेत, हे भाच्याला सांगायचे राहून जाते.

बोट लागणे हा विकार समुद्रात फारसा होत नाही, घरी होतो. मुंबई बंदराचे पाणी खाडीच्या आत, दोन्ही बाजूंनी जमिनीच्या आडोशाला आहे. हिवाळ्यातल्या सकाळी लाँच जेमतेम डुलते. तरीही आठवडाभर आधीपासून उपाय सुरू होतात. आवळासुपारी, आल्याचे तुकडे, हुंगायला लिंबू, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या आणि एक जादा प्लॅस्टिकची पिशवी. यात दोन संप्रदाय आहेत. एक म्हणतो, निघताना पोट रिकामे ठेवू नये. दुसरा म्हणतो, पोटात काही नसलेलेच बरे. पहिला संप्रदाय संख्येने मोठा आहे. शास्त्र असे की कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग शरीर हलत असल्याचे सांगतो, जवळच्या स्थिर वस्तूकडे पाहणारे डोळे ते नाकारतात, आणि या वादाचा त्रास पोटाला होतो. म्हणून लाँचच्या मध्यावर, खाली बसावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. बोट लागणारी माणसे जादा पैसे भरून वरच्या मजल्यावर कडेला बसतात आणि मोबाइलमध्ये पाहतात.

गेटवेला सगळ्यांनी साडेआठला भेटायचे असते. भेटायची जागा ‘गेटवेपाशी’ अशी ठरलेली असल्याने प्रत्येक जण गेटवेपाशीच असतो आणि कोणीच कोणाला दिसत नाही. मध्ये कबुतरे, सुरक्षा तपासणीची रांग, आणि पाच मिनिटांत फोटो हातात ठेवणारे फोटोग्राफर. पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या भेटीची आठवण म्हणून ही कमान उभारली गेली. ती पूर्ण झाली १९२४ साली. पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. सव्वानऊला पोचून खजील होणाऱ्या नातेवाइकाने ही तारीख पाठ करून ठेवावी. तिकिटाच्या खिडक्या तिथेच आहेत, पण त्यांपुढच्या सगळ्या रांगा घारापुरीच्या नसतात. एक मांडव्याची असते, एक बंदरात अर्ध्या तासाची फेरी मारून आणणाऱ्या लाँचची. घोळक्यातला एक जण आत्मविश्वासाने मांडव्याच्या रांगेत उभा राहतो. तो वेळीच ओढला गेला नाही, तर त्या दिवशी अलिबाग पाहून येतो आणि पुढे आयुष्यभर तीच सहल सरस होती असे सांगतो.

लाँचमध्ये चढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. धक्क्याला एक लाँच लागलेली असते, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. आपली बहुधा तिसरी. त्यामुळे पहिल्या दोन लाँचमधून आरपार चालत जावे लागते. दोन लाँचमधले अंतर लाटेबरोबर कमी-जास्त होते आणि ते कमी होईल त्या क्षणी पाऊल टाकायचे, इतकेच तंत्र आहे. खलाशी हात पुढे करतो. ज्या मावशी घरात कोणाच्या हाताला धरून चालायला तयार नसतात, त्या इथे मुकाट्याने अनोळखी खलाशाचा हात धरतात. मावशींचे यजमान मात्र ‘मला जमतं’ म्हणून हात नाकारतात, आणि चप्पल बदलावी लागते ती त्यांना. चढल्यावर जीवरक्षक जॅकेट घालावे. डिसेंबर २०२४मध्ये याच मार्गावर प्रवासी लाँचला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसे दगावली, हे विसरण्याजोगे नाही. जॅकेटमध्ये फोटो चांगला येत नाही ही तक्रार मनातल्या मनात ठेवावी.

पुढचा तास शिक्षणाचा असतो. राखाडी रंगाची कोणतीही नौका दिसली की काका तिला विक्रांत ठरवतात. जुनी विक्रांत २०१४ साली भंगारात निघाली आणि नवी २०२२ साली कोचीत नौदलात दाखल झाली, पण काकांची विक्रांत रोज सकाळी साडेनऊला गेटवेसमोर उभी असते. मध्ये तेलाच्या टाक्यांचे एक बेट लागते. ते जवाहर द्वीप. ‘आलं वाटतं’ म्हणून निम्मी लाँच उठते, पिशव्या खांद्याला लावते आणि खाली बसते. डाव्या हाताला लांबवर तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा घुमट आणि बेटाच्या पलीकडून गेलेला अटल सेतू दिसतो. जानेवारी २०२४मध्ये तो सुरू झाल्यापासून ‘यावरून गाडीने किती मिनिटांत पोचलो असतो’ हा हिशेब लाँचमध्ये रंगतो. सेतू बेटावर उतरत नाही, हे लक्षात येईपर्यंत बराच वेळ बरा जातो. हिवाळ्यात सीगलांचे थवे लाँचमागे लागतात. त्यांना खायला घालू नये असे पक्षिमित्र सांगतात, कारण तळलेली शेव हे त्या पक्ष्यांचे अन्न नाही. ते आपलेही नाही, असे डॉक्टर सांगतात. दोघांचेही सारख्याच प्रमाणात ऐकले जाते.

बेटाच्या लांबलचक धक्क्यावर एक छोटी आगगाडी आहे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंतचे अंतर चालत काही मिनिटांचे. गाडीच्या तिकिटाची रांग त्याहून मोठी. मुले गाडीशिवाय हलत नाहीत, मोठी माणसे मुलांसाठी म्हणून बसतात, आणि ज्यांच्याबरोबर मुले नाहीत ते उसने घेतात. पुढे ग्रामपंचायतीचा अल्पसा कर भरून पावती घ्यायची. मग पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि वर ताडपत्री, त्यामुळे सावली आहे. ही सावली हाच पायऱ्यांचा धोका. उन्हात माणूस भराभर चढून गेला असता. सावलीत तो मण्यांच्या माळा, पितळी नंदी, टोप्या आणि दगडी हत्ती बघत थांबतो. मुंबईत ज्या वस्तूकडे ढुंकून पाहिले नसते तिच्यासाठी मामी तीन पायऱ्या घासाघीस करतात, चौथ्या पायरीवर निघून गेल्याचे दाखवतात आणि सहाव्या पायरीवर बोलावून घेतल्या जातात. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची खुर्ची मिळते. तीत बसावे असे वाटणारे पुष्कळ असतात. पण आधी दुसऱ्या कोणीतरी बसायला हवे असते.

माकडांसंबंधी सर्व सूचना लाँचमध्ये दिल्या जातात आणि पायऱ्यांवर विसरल्या जातात. बेटावरच्या माकडांना पिशवी आणि डबा यांतला संबंध ठाऊक आहे. हातात उघडी बाटली धरलेला माणूस त्यांना लांबून कळतो. थंड पेयाची बाटली हिसकून तिचे काय करायचे, हेही त्यांना शिकवावे लागत नाही. दरडावून उपयोग होत नाही, कारण ती रोज शेकडो लोकांकडून दरडावून घेतात. सगळ्यांत सुरक्षित बटाट्याची भाजी, ती चार डब्यांत असते. सगळ्यांत धोक्यात असते ती वरच्यावर अडकवलेली छोटी पिशवी, जिच्यात सुटे पैसे, पावत्या, काकांच्या गोळ्या आणि ‘मधल्यामध्ये’चा चिवडा असतो. माकड चिवड्यासाठी येते आणि सगळेच नेते. शाळेच्या सहलीवाला जाणकार त्या वेळी समाधानाने म्हणतो, ‘मी सांगितलं होतं.’ ते खरे असते.

लेण्यांचे तिकीट भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये आहे. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या चुलतभावाला खिडकीपाशी तोंड न उघडण्याची ताकीद मिळते, ती त्याच्या मराठीबद्दलचे मत म्हणून तो मनाला लावून घेतो. आत गेल्यावर पहिली काही मिनिटे काहीच नीट दिसत नाही. मुख्य लेणे उत्तरेला उघडते, बाजूंनी थोडा उजेड येतो, आणि बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना त्या अंधुकात सरावायला वेळ लागतो. जो थांबतो त्याला दक्षिणेच्या भिंतीतून अठरा-वीस फूट उंचीची मूर्ती हळूहळू पुढे येताना दिसते. तीन मुखे आहेत, पण ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही शिवाचीच. मधले शांत, मिटल्या डोळ्यांचे तत्पुरुष. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचे उग्र, मिशा असलेले अघोर. उजव्या हाताचे कोमल, स्त्रीरूपाकडे झुकणारे वामदेव. एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे नजर सरकवत राहिले की तिन्हींत तोच एक राहतो आणि तिन्ही वेगळे होतात. हे शब्दांत सांगून भागत नाही, त्याला तिथे उभे राहावे लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते बाकी सगळे नियोजन चुकले तरी चालेल, पण इथे अर्धा तास काढावा. प्रत्यक्षात इथे पोचेपर्यंत पावणेएक झालेला असतो आणि कोणीतरी विचारते, ‘जेवायचं कुठे?’

मूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. रावण कैलास हलवतो आहे तो पट पूर्वेकडे. पश्चिमेच्या बाजूला शिवपार्वतीच्या लग्नाचा पट आहे आणि आपली मंडळी सगळ्यांत जास्त वेळ थांबतात ती तिथे. वधू लाजलेली, वडीलधारे तिला पुढे करताहेत, देव दाटीवाटीने उभे. कोण कोणाच्या बाजूचे यावर चर्चा होते. याच पटाच्या समोर अंधकासुराचा वध कोरलेला आहे. दोन्ही पट समोरासमोर का, याचे उत्तर कलेच्या अभ्यासकांनी द्यावे. तिथे उभे असलेले विवाहित पुरुष आपापले देतात आणि बायकांकडे न बघता पुढे सरकतात. अनेक मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीसाठी त्या वापरल्या असे सांगतात. लेणे कोणी आणि कधी खोदवले हे ठामपणे सांगणारा शिलालेख आज जागेवर नाही, कारण तोही पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काढून पोर्तुगालला पाठवला आणि तिकडे तो हरवला. सहलीत वस्तू हरवण्याची या बेटावरची ही सर्वांत मोठी नोंद असावी. अभ्यासक बेटावर सापडलेल्या नाण्यांवरून आणि शैलीवरून कलचुरींच्या काळाकडे बोट दाखवतात.

जेवणाच्या बाबतीत पूर्वसूरी उत्साही होते. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजाला, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डला, खुद्द लेण्यात मेजवानी दिली होती. आता तशी परवानगी नाही आणि हे योग्यच आहे, पण त्या मेजवानीत बटाट्याची भाजी होती का, हा प्रश्न झाडाखाली डबे उघडताना हटकून कोणीतरी विचारतो.

मुले मात्र एकच विचारत असतात: हत्ती कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा म्हटले ते इथल्या मोठ्या दगडी हत्तीवरून, आणि तो हत्ती बेटावर नाही. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना तो पडला, फुटला, आणि त्याचे तुकडे मुंबईतच राहिले. १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. सध्या तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर आहे. म्हणजे ज्याला एलिफंटाचा हत्ती पाहायचा आहे त्याने लाँच, भरती, आवळासुपारी यांच्या भानगडीत न पडता भायखळ्याला उतरावे. ही माहिती एकशेवीस पायऱ्या चढून आलेल्या माणसाला त्याच दिवशी देऊ नये.

परतीचे नियोजन नसते. असते ती घाई. शेवटची लाँच साडेपाचची असली तरी चारलाच सगळे धक्क्यावर असतात, कारण इतर सगळेही चारलाच धक्क्यावर आलेले असतात. टेकडीवरच्या तोफा आणि पलीकडचा स्तूप ‘पुढच्या वेळी’साठी राखून ठेवले जातात. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे आहेत, आणि तिथली आगरी-कोळी माणसे शेवटची लाँच गेल्यावर ताडपत्र्या सोडून घरी जातात. मुंबईचे दिवे समोर दिसत असूनही समुद्राखालून केबल टाकून या गावांत कायमची वीज आली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटरवर निघत. लाँचमध्ये चार्जिंग संपले म्हणून हळहळणाऱ्यांना हे सांगून पाहावे. सांगणाऱ्याकडे पॉवर बँक आहे का, एवढेच ते विचारतात. परतताना कोणी विक्रांत दाखवत नाही, कारण काका झोपलेले असतात.

शेवटचा टप्पा हिशेबाचा. तो बुधवार-गुरुवारपर्यंत ग्रुपवर चालतो. दिवसभरात पाच प्रकारची तिकिटे निघालेली असतात: लाँचचे, वरच्या मजल्याचे, आगगाडीचे, ग्रामपंचायतीचे आणि लेण्यांचे, आणि ती पाच वेगवेगळ्या माणसांनी ‘राहू दे, नंतर बघू’ म्हणत काढलेली असतात. वरच्या मजल्याचे पैसे खाली बसलेल्यांनी द्यायचे नाहीत, हे तत्त्व मान्य होते. पण आत्या जाताना वर आणि येताना खाली बसलेली असल्याने तिच्यासाठी अपूर्णांक काढावा लागतो. आगगाडीत उसनी घेतलेली मुले कोणाच्या खात्यावर, यावर दोन दिवस जातात. ग्रामपंचायतीचा कर कोणी भरला हे मात्र ठरत नाही. तिघांना तो आपणच भरल्याचे लख्ख आठवते, आणि पावती त्या छोट्या पिशवीत होती.